किल्ली कोणाच्या कमरेला?

गेल्या वर्षीची गोष्ट. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. आमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यात मी बचत गटांचं काम बघते, त्या निमित्तानं मीही गेले होते. सभा नेहमीप्रमाणे ग्रामदैवताच्या देवळात, सभामंडपात. मोठी जागा, वर पत्रा, खाली गार फरशी. पावसाळ्यात दुसरी सोय तरी काय असणार? झेंडावंदन झालं, सतरंज्या पडल्या, पुरुष मंडळी पुढे बसली, आम्ही बायका खांबाच्या मागे बसलो.

आमच्या गटातली एक जण मात्र खाली पायरीशीच उभी. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. विधवा बाई, दोन लेकरं, घराची एक भिंत मागच्या पावसात गेलेली. घरकुलाच्या यादीत नाव नाही म्हणून ती आज बोलणार होती. महिनाभर आम्ही तिची तयारी करून घेतली होती. मी खुणेनंच म्हटलं, ‘‘अगं, ये ना वर.’’ ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘‘ताई, आज न्हाई जमायचं. मला अडचण हाय.’’

झालं! यादी वाचली गेली, कुणाची काही हरकत आहे का म्हणून विचारलं गेलं, हरकत नाही असं लिहिलंही गेलं. तिचा आवाज पायरीवरून आत पोचण्यातला नव्हता. खरं सांगू का, मैत्रिणींनो, त्या दिवशी मीसुद्धा गप्प बसले. देवळात बसून ‘अडचण’ हा शब्द मोठ्यानं उच्चारायचं माझंही धाडस झालं नाही. घरी आल्यावर भाकरी गोड लागेना.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती लग्न होऊन इंग्लंडला गेली, आणि तिथल्या एका छोट्या गावात राहते. बोलता बोलता म्हणाली, ‘‘मावशी, आमच्या गावात एक गंमत आहे. इथं दोन-दोन पॅरिश कौन्सिल आहेत. एकीचा फलक चर्चच्या दाराशी, दुसरीचा गावच्या हॉलबाहेर. एक चर्चचं छप्पर बघते आणि दुसरी खेळाचं मैदान नि बसस्टॉपचं बाकडं. नाव जवळजवळ एकच, मग दोन कशाला?’’

बी.ए.ला माझा इतिहास होता. इंग्लंडचा इतिहास तेव्हा राजे नि लढाया पाठ करण्यापुरताच वाचला होता. पण भाचीच्या प्रश्नानं मनात घर केलं. वाचनालयातून पुस्तकं आणली, दुपारची कामं आटोपल्यावर वाचत बसले. वाचत गेले तसं लक्षात आलं, की त्या दोन फलकांमागे साडेतीनशे-चारशे वर्षांची कहाणी आहे, आणि तिच्यातही एक पायरी आहे, एक आत बसलेला कारभार आहे आणि बाहेर उभी असलेली बाई आहे.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. आपल्या वसईकडचे मराठी ख्रिस्ती बांधव त्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, किती नेमका शब्द आहे बघा. एक चर्च, एक धर्मगुरू आणि त्याच्या भोवतीची वस्ती. शेतकऱ्यानं पिकाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, चर्चला द्यायचा. चर्चची इमारत, घंटा, कुंपण हे सांभाळायला गावकऱ्यांतूनच दरवर्षी ईस्टरच्या सुमारास चर्चवॉर्डन निवडायचे, बहुधा दोन. आपल्याकडच्या देवळाच्या पंचांसारखेच म्हणा ना.

गावकऱ्यांची सभा भरायची ती चर्चच्या ‘व्हेस्ट्री’त. व्हेस्ट्री म्हणजे धर्मगुरूंचे उपासनेचे झगे ठेवायची खोली. सभा त्या खोलीत भरे, म्हणून सभेलाच व्हेस्ट्री म्हणू लागले. आपल्याकडे चावडीवर बसणाऱ्यांच्या निर्णयाला ‘चावडीनं ठरवलं’ म्हणतात, तसंच ते.

आता ही खोली देवाधर्मापुरतीच राहिली असती तर गोष्ट वेगळी होती. पण सरकारला गावोगावी काम करून घ्यायला माणसं हवी होती, आणि प्रत्येक गावात तयार अशी एकच व्यवस्था होती, ती म्हणजे चर्चची. मग एकेक काम तिच्यावर पडत गेलं. आठव्या हेन्री राजानं १५३४ मध्ये रोमच्या पोपशी संबंध तोडून इंग्लंडचं चर्च स्वतःच्या हाती घेतलं. त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची. म्हणजे माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतची नोंद धर्मगुरूंच्या हाती आली. १५५५ मध्ये रस्त्यांचा कायदा झाला. गावातून जाणारा रस्ता पॅरिशनं दुरुस्त करायचा, त्यासाठी गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस फुकट राबायचं, पुढे ते सहा दिवस झाले.

सगळ्यांत मोठं काम आलं ते १६०१ मध्ये, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कायद्यानं. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अपंगांना, अनाथांना सांभाळायची जबाबदारी पॅरिशची. त्यासाठी घरमालकांकडून आणि जमीनवाल्यांकडून कर घ्यायचा. आपण घरपट्टी, पाणीपट्टी म्हणतो तशी ही ‘गरीबपट्टी’ म्हणू या. ती गोळा करायला आणि वाटायला ‘ओव्हरसियर’ नेमायचे, आणि चर्चवॉर्डन तर पदानंच ओव्हरसियर. देवाची दिवाबत्ती बघणारा माणूसच आता कोणाच्या चुलीला मदत द्यायची हेही ठरवू लागला.

याची चांगली बाजूही आहे. भुकेल्याला अन्न देणं ही नुसती दयेची गोष्ट न राहता कायद्याची झाली. त्या काळच्या हिशेबाच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. कुणा म्हातारीला जोडे, कुणा पोराला सदऱ्याचं कापड, कुणाकडे सरपण, कुणाच्या बाळंतपणाला सुईण, कुणाच्या दफनाचा खर्च, असं सगळं त्यांत लिहिलेलं. त्याच वह्यांत गावातल्या बायकांना झगे धुण्याचे, चर्च झाडण्याचे, आजाऱ्याची शुश्रूषा करण्याचे चार पैसे दिल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे राबायला बायका होत्याच!

या वह्या आणि कागद एका भक्कम लाकडी पेटीत ठेवायचे. १६०३ च्या चर्चच्या नियमांप्रमाणे त्या पेटीला तीन कुलपं हवीत. एक किल्ली धर्मगुरूकडे, दोन किल्ल्या दोन वॉर्डनांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आपण बायका घरच्या किल्ल्या कमरेला खोचून मिरवतो. गावाच्या किल्ल्यांचा विचार मात्र आपल्या मनात येत नाही, आणि कुणी आणूही देत नाही.

किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर पोट. १६६२ च्या कायद्यानं ठरलं, की प्रत्येक माणसाचं एक हक्काचं पॅरिश असेल, आणि मदत तिथंच मिळेल. बाहेरून आलेला गरीब आपल्यावर बोजा होईल असं वाटलं, तर अधिकाऱ्यांनी तक्रार करून त्याला मूळ पॅरिशात परत पाठवायचं. बाईचं हक्काचं पॅरिश लग्न झालं की बदलायचं, नवऱ्याचं ते तिचं. नवरा मेला, की जिथं ती कधी राहिलीही नाही अशा गावाला तिला मुलाबाळांसकट पाठवता येई. सासरी नको, माहेरी जागा नाही, हे दुःख काही आपल्याच मुलखातलं नाही.

त्याहून वाईट हाल लग्नाशिवाय दिवस गेलेल्या मुलीचे. अशा मुलाचं हक्काचं पॅरिश म्हणजे ते जिथं जन्मेल ते. मूल आपल्या हद्दीत जन्मलं तर आपल्याला पोसावं लागेल, म्हणून बाळंतपणाच्या आधी तिला शीव ओलांडायला लावायची घाई चाले. बापाचं नाव सांग म्हणून तिची उलटतपासणी होई. आणि १६९७ मध्ये आणखी एक कायदा झाला. ज्यांना पॅरिशची मदत मिळते त्यांनी उजव्या बाहीवर खांद्याशी तांबड्या नाहीतर निळ्या कापडाची खूण लावायची. तिच्यावर गरीब या अर्थाचं अक्षर आणि पॅरिशच्या नावाचं पहिलं अक्षर. बायकोला आणि मुलांनाही ते लावणं भाग. हा नियम कायद्यातून गेला १८१० मध्ये.

मग या सगळ्यात बायका कधीच आत गेल्या नाहीत का? गेल्या, पण फटीतून. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या काही गावांत जुन्या काळी बायका चर्चवॉर्डन झाल्याच्या नोंदी सापडतात. आणि १७३९ चा एक खटला तर वाचण्यासारखा आहे. लंडनमधल्या एका पॅरिशात ‘सेक्स्टन’ म्हणजे चर्चची झाडलोट, घंटा, कबरी बघणारा सेवक निवडायचा होता. सारा ब्लाय नावाची बाई उभी राहिली. पुरुषांची मतं मोजली तर तिला १६९ आणि तिच्या विरोधकाला १७४. पण कर भरणाऱ्या बायकांनीही मत दिलं होतं. त्यांतली ४० तिला आणि २२ त्याला. बायकांची मतं धरली तर सारा निवडून येत होती, नाहीतर पडत होती! प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं बायकांची मतं ग्राह्य धरली आणि साराला पद मिळालं. पण कारण ऐका. या कामाला फारशी अक्कल लागत नाही आणि हे काही सार्वजनिक सत्तेचं पद नाही, असा एकूण सूर होता. पुढे १७८८ मध्ये बाई गरिबांची ओव्हरसियरही होऊ शकते असा निकाल लागला. ते काम कटकटीचं, बिनपगारी, शिव्या खायचं. पुरुष ते टाळायलाच बघत! मानाची नाही ती पदं बायकांना देण्याची रीत जुनी आहे तर.

दुसरीकडे व्हेस्ट्रीची सभा खरोखर सगळ्यांची राहिली होती का? नाही. कित्येक ठिकाणी मूठभर प्रतिष्ठित लोकच आपसांत जागा भरून कारभार करत. १८१८ च्या कायद्यानं तर ज्याची मालमत्ता जास्त त्याला जास्त मतं, अगदी सहापर्यंत. आणि बऱ्याच गावी चर्चमधली खोली गार पडते म्हणून सभा उठून दारूच्या गुत्त्यात जाऊन बसे! तिथं घरंदाज बाई कशी जाणार? दार बंद करायला कुलूपच लागतं असं नाही, बैठकीची जागा बदलली तरी पुरतं.

शिवाय सगळे गावकरी काही सरकारी चर्चचे राहिले नव्हते. कोणी मेथडिस्ट, कोणी बॅप्टिस्ट, कोणी क्वेकर. त्यांनी म्हणावं, आम्ही ज्या चर्चमध्ये पाऊल टाकत नाही त्याच्या छपरासाठी पट्टी का भरायची? बरीच वर्षं हा वाद पेटत राहिला. पण त्यातूनच गाठी सुटत गेल्या. १८३४ मध्ये गरिबांचं काम अनेक पॅरिश मिळून केलेल्या संघांकडे आणि त्यांच्या निवडलेल्या ‘गार्डियन’ मंडळांकडे गेलं. (त्यांनी उभी केलेली वर्कहाउसं ही वेगळी दुःखाची गोष्ट. तिथं नवरा, बायको नि मुलं वेगवेगळी ठेवत.) १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली आणि चर्चबाहेर सरकारी लग्नही करता येऊ लागलं. १८६८ मध्ये चर्चची सक्तीची पट्टी बंद झाली.

दार थोडं उघडताच बायका सरसावल्या. १८७५ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये मार्था मेरिंग्टन ही गार्डियन मंडळावर निवडून आलेली पहिली बाई ठरली. पण गार्डियन व्हायला मालमत्तेची अट होती, आणि घर सहसा नवऱ्याच्या नावावर. म्हणून लग्न झालेल्या बायका बाहेरच राहिल्या.

खरा बदल केला १८९४ च्या कायद्यानं. गावचा मुलकी कारभार व्हेस्ट्रीकडून काढून घेतला आणि खेड्यापाड्यांत मतदारांची पॅरिश सभा आणि तिनं निवडलेलं पॅरिश कौन्सिल आणलं. तीनशेच्या वर वस्ती असेल तिथं कौन्सिल व्हायलाच हवं. बाई असणं किंवा लग्न झालेलं असणं ही अपात्रता नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. गावात वर्षभर राहणारी कोणीही बाई उभी राहू शकत होती, घर नावावर असो की नसो. मतदानात मात्र एक खोच ठेवलीच होती. एकाच घराच्या जोरावर नवरा आणि बायको दोघांनाही मत नाही. तरी लक्षात घ्या, पार्लमेंटच्या मतासाठी त्यांच्या बायकांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं, आणि पुरुषांच्या बरोबरीचं मत मिळालं ते १९२८ मध्ये. गावचं दार त्याच्या आधी उघडलं.

या कायद्यातलं मला सर्वांत भावलेलं कलम तर अगदी साधं आहे. सभा कुठं भरवायची, याबद्दलचं! सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेची खोली सभेला फुकट मिळेल, आणि दुसरी योग्य जागा उपलब्ध असेल तर दारू विकणाऱ्या जागेत सभा घ्यायची नाही. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं, की नुसता हक्क देऊन भागत नाही. हक्क बजावायला पाय ठेवता येईल अशी जागा लागते.

त्याच १८९४ च्या डिसेंबरात मँचेस्टरजवळच्या चॉर्लटन संघात एमेलिन पॅंकहर्स्ट गार्डियन म्हणून निवडून आल्या. पुढे मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेल्या त्याच या. वर्कहाउसमध्ये सात-आठ वर्षांच्या पोरी गुडघे टेकून थंडगार दगडी फरशा घासताना त्यांनी पाहिल्या, आणि तिथला कारभार सुधारायला घेतला. फरशा तर आधीही पोरीच घासत असणार, मंडळावरच्या पुरुषांना त्या दिसत नव्हत्या इतकंच.

मग चर्चचं काय झालं? ते बुडालं का? मुळीच नाही. १९२१ च्या नियमांनी चर्चच्या स्वतःच्या कामासाठी वेगळं पॅरोकियल चर्च कौन्सिल आलं. भाचीनं बघितलेला दुसरा फलक तो. छप्पर, घंटा, उपासना त्यांच्याकडे. मैदान, दिवे, बाकडी गावच्या कौन्सिलकडे. इंग्लंडमध्ये आजही गावोगावची आणि छोट्या शहरांची मिळून दहा हजारांच्या आसपास अशी कौन्सिलं आहेत. गंमत बघा, मुलकी कौन्सिलात बाई १८९४ पासून बसू शकली, पण चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाई धर्मगुरू झाली ती थेट १९९४ मध्ये, आणि बिशप २०१५ मध्ये. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात राहिल्या असत्या, तर गावच्या कारभारासाठीही बायकांना आणखी शंभर वर्षं वाट बघावी लागली असती की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

आता आपल्याकडे या. आपला कायदा त्यांच्यापेक्षा पुढे आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असंही आपल्या कायद्यात आहे. चावडीची पंचायत झाली, पाटलाच्या वाड्यातला कारभार सरकारी दप्तरात आला. सगळं झालं. पण सभा भरते ती देवळातच! देवावर माझा राग नाही हो. मी स्वतः श्रावणी सोमवार धरते. पण देवळाचे नियम देवळाचे आणि ग्रामसभेचे नियम ग्रामसभेचे. देवळात सभा भरली, की महिन्यातले चार दिवस बाई नागरिक राहत नाही. आणि ज्या गावांत काही समाजांना आजही पायरीपाशी थबकावं लागतं, ज्या गावांत वेगळ्या धर्माची चार घरं आहेत, त्यांचं काय?

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुन्हा त्या गावी गेले. गटाच्या बायकांना ही पॅरिशची गोष्ट सांगितली. गुत्त्यातल्या सभेचं ऐकून त्या पोट धरधरून हसल्या. मग एकदम शांत झाल्या. एक आजी म्हणाल्या, ‘‘म्हंजे आपलं बी तसंच की!’’ आम्ही अर्ज लिहिला, की पुढची ग्रामसभा जिल्हा परिषदेच्या शाळेत घ्यावी. तेवीस बायकांनी सह्या-अंगठे दिले. ‘अडचण’ हा शब्द अर्जात लिहायचा की नाही यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी लिहिला.

सरपंच बाईच आहेत. त्यांच्या यजमानांनी कपाळाला आठ्या घातल्या, ‘‘पूर्वापार तिथंच होते सभा.’’ एका आजोबांना वाटलं आम्ही देवाला बाटवायला निघालो. त्यांना मी म्हटलं, ‘‘आजोबा, देवळात भांडणं, शिव्या, घोटाळ्यांचे आरोप होतात, ते देवाला आवडत असेल का? देवाला देवाचं राहू द्या.’’ ते काही बोलले नाहीत. सरपंचबाई मात्र अर्ज वाचून म्हणाल्या, ‘‘मलापण दोनदा खोटं बोलून घरी बसावं लागलंय.’’ यजमान बघतच राहिले.

सव्वीस जानेवारीची सभा शाळेत झाली. वर्ग लहान पडला, निम्मे लोक व्हरांड्यात बसले. पुरुष थोडे कमी आले, बायका जास्त. आमची ती मैत्रीण उठली, आवाज कापत होता, पण नाव, घर नंबर, पडलेली भिंत सगळं सांगितलं. ग्रामसेवकांनी वहीत लिहून घेतलं. घरकुल अजून मिळालेलं नाही, ते खोटं कशाला सांगू? नाव पुढच्या पाहणीसाठी गेलंय, एवढंच. पण ‘हरकत नाही’ असं तिच्या नावावर पुन्हा कुणी लिहू शकलं नाही.

आणि हो, त्या दिवशी सकाळी शाळा उघडायची वेळ आली तेव्हा किल्ली कोणाकडे म्हणून शोधाशोध झाली. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या कमरेला होती. त्याच आल्या, कुलूप काढलं आणि म्हणाल्या, ‘‘या, बसा.’’

मैत्रिणींनो, तुमच्या गावची सभा कुठं भरते? एकदा जाऊन बघा, आणि पायरीवर कोण उभं आहे तेही बघा.